कोऱ्या ओळी

रबाळ्याला, केमिकलच्या दोन कंपन्यांच्या मधल्या गाळ्यात
आम्ही एका जिवाणूला लाल औषधात जगायला लावलं.
तेच औषध, ज्यानं माझ्या भावाची लघवी
सहा महिने नारिंगी होत राहिली, आणि तो बरा झाला.
बशीत औषध मिसळायचं, वर कोट्यवधी सोडायचे,
दोन दिवसांनी जे चार-पाच उरतील ते आपले.
हीच त्यांची खूण. ना रंग, ना नंबर.
अख्ख्या शेताची माती त्या बशीत गप्प होते,
आपला तेवढा उठून बसतो.

उत्तरशिवला गुलाबबाय मढवींचं वांग्याचं शेत.
भात निघाला की वांगी, वांग्यांच्या मागे नवे टॉवर.
गेल्या साली तिथे मर आली होती.
झाडाची एक बाजू पिवळी, एक हिरवी,
जणू अर्ध्या झाडाला अजून बातमी कळलेली नाही.
आठवड्यात कळली.

सहा ओळींची रोपं मी आमच्या पाण्यात मुळं बुडवून लावली.
सहा ओळी कोऱ्या. मध्ये सुतळी.
कुरियनमॅडमनी बजावलं होतं,
कोऱ्या ओळी कोऱ्याच राहिल्या पाहिजेत,
त्या मेल्याशिवाय आपल्याला काही सिद्ध करता येत नाही.
हे मी गुलाबबायला नीट सांगितलं नाही.

"किरं दिसतान का तुला?"
नाही म्हटलं.
"मंग मोजतंस कसा?"
मग सांगितलं: एक ग्राम मुळी नऊ मिली पाण्यात घुसळायची,
त्यातलं एक मिली पुन्हा नऊ मिलीत, पुन्हा, पुन्हा,
पाणी अगदी निर्दोष दिसायला लागलं
की बशीवर पसरायचं, ठिपके मोजायचे,
आणि शून्यं लावत लावत उलटं घरी यायचं.
"म्हंजे ताकात पानी घालतंस,
न मंग लोनी मोजतंस."
वहीत मी हे लिहून ठेवलंय.

तिसऱ्या दिवशी ते मुळाच्या टोकामागे होते.
सातव्या दिवशी उपमुळांच्या काखेत,
नवं मूळ बाहेर येताना जिथे साल चिरते
आणि बुरशी नेमकी तिथूनच शिरते, तिथे
दाटीवाटीनं, आधीच.
एकविसाव्याला एक शून्य गळलं. झाडं उभी.

त्या दिवशी शिळफाट्याला तासभर अडकले,
मांडीवर बर्फाचा डबा, डब्यात बारा पिशव्या,
त्यांतल्या सहांत काही नाही असं मी धरूनच चाललेले.

कोऱ्या ओळींच्या बशांवर ठिपके आले.
हात माझाच चुकला असेल. नव्या बशा, नवं पाणी.
पुन्हा आले.
निळ्या दिव्याखाली फिकट हिरवट उजळले, आमचेच.
मॅडम बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळभर बांधावर बसून
मी फक्त गुलाबबायला बघितलं.
ती बुडवलेल्या ओळी खुरपत गेली,
सुतळी आली तशी साडी जरा वर धरून ओलांडली,
आणि तेच खुरपं कोऱ्या ओळींना लावलं.
एका झाडाचं मूळ उघडं पडलेलं,
तिनं शेजारच्या ओळीतली मूठभर माती उचलून
त्यावर दाबली, टाचेनं बसवली.
कुणी न सांगता.

मी खुरपं मागितलं. पात्याची माती खरवडून नेली.
एक्क्याऐंशी ठिपके.

मॅडमनी अहवालात लिहिलं: चाचणी ग्राह्य नाही.
लिहायलाच हवं होतं.
खाली माझ्या वहीत, पेन्सिलनं:
वाहक, खुरपं. अंतर, एक पाऊल.
कोऱ्या ओळींत दोनच झाडं गेली.
कशामुळे, ते आता सांगता येणार नाही.

निघताना तिनं पिशवीभर वांगी दिली,
कुठल्या ओळीतली ते तिलाही ठाऊक नव्हतं.
मग दोन्ही हात पुढे केले, उपडे:
"माझे नखांत पन असतील?"
मी ओला कापूस फिरवला, दहाही बोटांवरून.

ती बशी अजून उबवणीत आहे.
उद्या सकाळी उघडायची.